बांधालगतच्या ओळी दरवर्षी खुरटतात: खरं कारण कसं शोधायचं

मधल्या रानात गहू मांडीला लागलेला असतो आणि बांधाकडच्या आठ-दहा ओळी गुडघ्याच्या वर सरकत नाहीत. पुढच्या वर्षी तिथे हरभरा पेरला तरी तेच, सोयाबीन केलं तरी तेच. पीक बदलतं, पट्टा बदलत नाही. मग बियाणं बदललं जातं, त्या ओळींना खताचा हात सढळ सोडला जातो, एखादं पाणी जास्त दिलं जातं. बांधावरची निलगिरी, सुबाभूळ नाहीतर चिंच मात्र जशी होती तशीच डोलत असते. शेवटी दोनपैकी एक निष्कर्ष निघतो: "झाडच विषारी आहे" किंवा "तिथली जमीनच हलकी आहे." पहिल्यावरून शेजाऱ्याशी वाकडं येतं, दुसऱ्यावरून खर्च वाढतो. दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा न तपासता काढलेले असतात. तपासायला फार काही लागत नाही. एक कुदळ, चार कुंड्या आणि एका हंगामाचं लक्ष एवढ्यावर भागतं.

सुरुवातीचा प्रश्न: झाडाला यातून काय मिळतं?

हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण उपाय कोणता करायचा ते यावरच ठरतं. दोन जाती शेजारी वाढतात तेव्हा त्यांच्यात तीन प्रकारे नुकसान होऊ शकतं. गहू आणि तण एकाच अन्न-पाण्यासाठी झगडतात तेव्हा दोघांनाही झळ बसते, ती स्पर्धा. आंब्यावरचं बांडगूळ आंब्याचा रस घेऊन पोसतं. तिथे एकाचं नुकसान हाच दुसऱ्याचा फायदा. तिसऱ्या प्रकारात एकाचं नुकसान होतं आणि दुसऱ्याला त्याचा ना नफा ना तोटा. याला अमेन्सॅलिझम, म्हणजे एकतर्फी अपाय, म्हणतात. पाणवठ्याकडे जाणाऱ्या गुरांच्या खुरांखाली गवत आणि किडे चिरडतात. गुरांचं पोट त्याने भरत नाही आणि उपाशीही राहत नाही. फक्त ती वाट उजाड होते.

दाट झाडाची सावली गव्हावर पडते तेव्हा नेमकं हेच घडतं. पंधरा मीटर उंच निलगिरीला खालच्या वीतभर गव्हामुळे सूर्यप्रकाश कमीही मिळत नाही आणि जास्तही मिळत नाही. तुम्ही गहू दाट पेरा, जोमदार वाण लावा, दुप्पट युरिया टाका. सावली तसूभर हलणार नाही. स्पर्धेत पिकाची ताकद वाढवली की समोरचा दबतो, म्हणून तणाविरुद्ध दाट पेरणी चालते. एकतर्फी अपायात समोरच्याला तुमच्या पिकाची जाणीवच नसते, त्यामुळे पिकावर केलेला खर्च समोरच्यापर्यंत पोचत नाही. बांधालगतच्या ओळींना वर्षानुवर्षं जास्तीचं खत देऊनही फरक का पडत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

उलटही होतं. झाडाची मुळं वाफ्यात शिरून तुमचं पाणी आणि युरिया खात असतील तर झाडाला सरळ फायदा आहे. मग तो अमेन्सॅलिझम राहत नाही, आणि जास्तीचं खत म्हणजे निलगिरीला घातलेला खुराक ठरतो. एकाच झाडाकडून सावलीचा एकतर्फी अपाय आणि मुळांची चोरी दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. म्हणून एकेक धागा सुटा करून तपासावा लागतो.

झाडाकडे वळण्याआधी

बांधाची कड ही मुळातच रानातली वेगळी जागा असते. चार गोष्टी अशा आहेत की ज्यांचा झाडाशी संबंध नसतो, पण आळ झाडावर येतो.

पहिली तणनाशकाची. बांधावरचं गवत जाळायला फवारा मारला आणि वारा आत वाहत असला तर कडेच्या ओळी बसतात. टू-फोर-डी असेल तर कपाशी ते लगेच सांगते: पानं पसरट न राहता बोटांसारखी लांबट, चिरफाळलेली होतात. शिरा जवळजवळ येतात, शेंडा वळतो. असं पान दिसलं तर झाडाचा विषय तिथेच संपला. अ‍ॅट्राझिनची गोष्ट जास्त फसवी आहे. आधीच्या ऊस-मक्याला ते वापरलं असेल तर जमिनीत उरलेला अंश पुढच्या सोयाबीन-हरभऱ्याला त्रास देतो. पंप वळवताना कडेला डोस दुप्पट पडलेला असतो, त्यामुळे नुकसान नेमकं बांधालगत दिसतं.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या वळणाची. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, प्रत्येक वेळी चाक त्याच पट्ट्यात फिरतं. वाफसा असताना एक लोखंडी सळई मधल्या रानात हाताने दाबा आणि तीच कडेला दाबा. मध्ये हातभर गेलेली सळई कडेला वीतभर जाऊन अडली तर तिथे तवा बसलाय. मुळं त्याच्या खाली जात नाहीत. इथेही झाड निर्दोष.

तिसरी, पाटाचा किंवा कॅनॉलचा झिरपा. बांधालगत पांढरा थर दिसत असेल, ढेकळं ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होत असतील, तर मातीची क्षारता आणि सामू तपासून घ्या. नमुना कडेचा वेगळा आणि मधला वेगळा द्या. दोन्ही एकत्र कालवून दिला तर अहवालाचा काही उपयोग नाही, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात.

चौथी गोष्ट जनावरांची, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण शास्त्रज्ञसुद्धा इथे एकदा चकले होते. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा भागातल्या टेकड्यांवर सुवासिक झुडपांच्या भोवती उघड्या मातीचा पट्टा दिसतो. आधी झुडूप, मग मीटर-दोन मीटर उजाड जमीन, मग गवत. १९६४ मध्ये कॉर्नेलियस मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की या झुडपांच्या पानांतून उडणारी तेलं आसपासच्या गवताची वाढ रोखतात. प्रयोगशाळेत त्या वाफांनी रोपांची मुळं खुंटलेली दिसत होती. हवेतून छायाचित्रं काढली तर झुडपांभोवतीची ती वलयं स्पष्ट दिसत. एकतर्फी अपायाचं हे जगभर गाजलेलं उदाहरण झालं. मग १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. त्या उजाड पट्ट्यावर त्यांनी जाळीचे पिंजरे ठेवले, ज्यात उंदीर, ससे, पक्षी शिरू शकणार नाहीत. पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं. झुडूप तेच, तेलं तीच, माती तीच. झुडपाच्या आडोशाला राहणारे प्राणी घरापासून फार लांब न जाता आसपासचं बी आणि कोंब खाऊन टाकत होते, आणि उजाड पट्टा होण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे बांधावर झुडपं, बिळं, दगडांच्या रचलेल्या ताली असतात. उंदीर, घुशी, ससे, मोर सगळे तिथूनच येतात आणि कडेच्या ओळी आधी खातात. उगवण विरळ दिसते, आपण म्हणतो झाडाखाली बी उगवलंच नाही. पेरणी झाल्या दिवशी कडेला बारीक भोकांची जाळी चार खुंट्यांवर चौकोनात उभारा, वरून झाका आणि खाली वीतभर मातीत गाडा. मीटरभर लांबी-रुंदी पुरे. आत उगवण मधल्या रानासारखी आणि बाहेर विरळ असेल तर दोष झाडाचा नाही. ससा कोंब कातरतो तेव्हा काप तिरका आणि सुरीने केल्यासारखा स्वच्छ असतो, तोही बघून ठेवा.

सावली किती लांब पडते

वरच्या चारही गोष्टी बाद झाल्या तर झाडाकडे या, आणि सुरुवात सावलीपासून करा. सगळ्यात सामान्य कारण तेच असतं आणि मोजायलाही सोपं.

पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १८.५ अंश उत्तरेला, २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांच्या आसपास असतो, तोही दक्षिणेकडे. त्या वेळी १५ मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे साडेतेरा मीटर पडते. ही दिवसातली सगळ्यात आखूड सावली. सकाळ-संध्याकाळची याहून लांब. जून-जुलैत मात्र दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली झाडाच्या पायाशीच गोळा होते.

म्हणून एक खूण पक्की लक्षात ठेवा. तुमच्या रानाच्या दक्षिणेच्या बांधावर झाडं असतील आणि रब्बीत नुकसान जास्त, खरिपात कमी दिसत असेल, तर सावलीवर संशय धरा. झाडं उत्तरेच्या बांधावर असून रब्बीत तुमच्याच रानात नुकसान होत असेल तर कारण सावली नव्हे. ती सावली शेजाऱ्याच्या रानात पडतेय. पूर्व-पश्चिमेच्या बांधांवरची झाडं अर्धा दिवस ऊन अडवतात, त्यामुळे नुकसान असतं पण सौम्य.

खात्रीसाठी डिसेंबरात एका उन्हाच्या दिवशी सकाळी दहा, दुपारी साडेबारा आणि तीनला सावलीच्या कडेवर खुंट्या ठोका. खुरटलेल्या पट्ट्याची सीमा आणि खुंट्यांची सीमा जुळते का बघा. सावलीतलं पीक ओळखूही येतं. ते पिवळं न पडता बारीक, लांब पेरांचं, झुकलेलं होतं, फुलं उशिरा येतात, गव्हाला फुटवे कमी येतात. खुरटं, आखूड पेरांचं आणि पिवळं पीक दिसत असेल तर एकट्या सावलीने ते झालेलं नाही.

मुळांसाठी चर

झाडाच्या रांगेला समांतर, बुंध्यापासून दीड-दोन मीटर सोडून, रानाच्या बाजूने चर खणा. खोली तीन फूट, रुंदी फावडं मावेल इतकी. पूर्ण बांधाला खणू नका. अर्ध्या लांबीला खणा आणि अर्धी तशीच ठेवा, म्हणजे त्याच हंगामात तुलना मिळते. चर खणतानाच बरंच समजतं. फूट-दीड फुटाच्या थरात बोटाएवढ्या आणि केसासारख्या मुळांचं जाळं सापडलं तर ती मुळं रानात काय करत होती हे वेगळं सांगायला नको. तुटलेली मुळं काढा, चरात रानाच्या बाजूला जाड प्लॅस्टिकचा कागद उभा लावा आणि माती परत ओढा.

चर काढलेल्या भागातलं पीक सुधारलं आणि न काढलेल्या भागातलं तसंच राहिलं, तर मुळांची चोरी हे मुख्य कारण. सावली दोन्ही भागांवर सारखी पडत होती, त्यामुळे ती आपोआप बाजूला पडते. दोन्ही भाग सारखेच खुरटे राहिले आणि खुंट्यांनी सावलीही बाद ठरवली असेल, तर उरतो पाला.

बुंध्याच्या फार जवळ चर काढू नका. निलगिरीसारखं उंच झाड एका बाजूची आधाराची मुळं तुटल्यावर वादळात रानातच आडवं होतं.

पाल्याचा संशय: चार कुंड्यांची परीक्षा

एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांमुळे दुसरीच्या वाढीवर होणाऱ्या परिणामाला अ‍ॅलेलोपथी म्हणतात. हे नाव ऑस्ट्रियाचे हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये दिलं. निलगिरीच्या पानांत उडणारी तेलं आणि फिनॉल गटातली आम्लं असतात. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं. ही द्रव्यं पानात आहेत यात शंका नाही. मात्र पानात असलेलं द्रव्य तुमच्या रानातल्या मातीत, मुळाला बाधेल इतक्या प्रमाणात टिकून आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ अशी बरीचशी द्रव्यं धरून ठेवतात, जिवाणू ती खाऊन टाकतात, पाऊस वाहून नेतो.

हिरवा पाला मिक्सरमध्ये वाटून त्याचा घट्ट अर्क बियांवर ओतायचा आणि बी उगवलं नाही की "पाहा, विष सिद्ध झालं" म्हणायचं, हा प्रकार कृपया करू नका. इतका घट्ट अर्क मेथीचा काढला तरी पुष्कळ बी उगवायचं थांबेल. शेतात पाला वाटून कुणी टाकत नाही; तो वाळून पडतो, भिजतो, झिरपतो. परीक्षा मातीचीच घ्यायला हवी.

उन्हाळ्यात साचलेल्या पाल्यावर पहिला मोठा पाऊस पडून गेला की आठवड्याच्या आत माती आणा, कारण असर असेल तर तेव्हा सर्वांत जास्त असतो. झाडाखालची वरची दोन-तीन इंच माती एका घमेल्यात, मधल्या रानातली तेवढीच दुसऱ्यात. चाळून पाल्याचे तुकडे काढा. आता चार कुंड्या भरा. पहिलीत मधल्या रानाची माती. दुसरीत झाडाखालची. तिसरीत झाडाखालची माती आणि तिच्या वजनाच्या शंभरात दोन भाग बारीक कुटलेला कोळसा. चौथीत मधल्या रानाची माती आणि तेवढाच कोळसा. मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारा सक्रिय कोळसा सर्वांत चांगला. नसेल तर चुलीतला लाकडाचा कोळसा चालतो, पण राख नको, कारण राखेने सामू वर जातो.

बी हळिवाचं घ्या. बाळंतिणीच्या लाडवांसाठी घरात असतंच, स्वस्त आहे, आणि अशा परीक्षांसाठी जगभर ते वापरतात, कारण ते भराभर उगवतं आणि लगेच बिथरतं. हळीव नसेल तर मुळ्याचं बी चालेल. प्रत्येक कुंडीत सारखं मोजून बी टाका, एकाच जागी, एकाच उन्हात, सारखं पाणी देऊन ठेवा. पाच-सहा दिवसांनी माती भिजवून रोपं हलक्या हाताने उपसा आणि धुवा.

आता उगवण मोजण्याआधी मुळं बघा. अशा रसायनांचा मार उगवणीपेक्षा मुळाच्या लांबीवर आधी दिसतो. चांगलं मूळ पांढरं, सरळ, टोकापासून जरा वर केसांची लव असलेलं असतं. मार बसलेलं मूळ आखूड, टोकाला तपकिरी, कधी गाठाळलेलं, आणि लव जवळजवळ नसलेलं. कुंडीमागे दहा-वीस रोपं पट्टीवर ठेवून मुळांची लांबी लिहून काढा. पहिल्या आठवड्यात रोप बियातल्या साठ्यावरच जगत असतं, त्यामुळे मातीतल्या खताच्या कमी-जास्तीने निकाल फारसा बिघडत नाही.

दुसऱ्या कुंडीतली मुळं पहिलीइतकीच असतील तर माती निर्दोष आहे. सावली आणि मुळांकडे परत जा. दुसरीत आखूड, तिसरीत सुधारलेली आणि चौथीत पहिलीसारखीच असतील तर मातीत काहीतरी रासायनिक आहे जे कोळशाने धरलं. इथे सावध राहा: कोळसा तणनाशकही धरतो. म्हणून तणनाशकाचा प्रश्न आधी निकालात काढायचा. दुसरी आणि तिसरी दोन्ही सारखीच वाईट असतील तर क्षारांचा संशय घ्या. चौथी कुंडी अनेक जण गाळतात. ती गाळली तर कोळशाने स्वतः काही केलं का हे समजायला मार्ग उरत नाही.

निलगिरीखाली आणखी एक गोष्ट बघा. वाळलेल्या मातीवर ड्रॉपरने किंवा बोटाने पाण्याचा थेंब सोडा. थेंब मण्यासारखा गोल राहून पाच सेकंदांहून जास्त टिकला तर माती पाणी झिडकारतेय. पाल्यातल्या मेणचट पदार्थांचा लेप मातीच्या कणांवर बसतो. अशा जमिनीत सरी भरून पाणी दिलं तरी बियाभोवतीची माती कोरडीच राहते. हे विष नव्हे, पण इथेही नुकसान एकतर्फीच.

अमेरिकेत स्थायिक झालेल्यांपैकी ज्यांच्या परसात काळा अक्रोड आहे आणि टोमॅटो-वांगी कोमेजतात, त्यांनी हीच चार कुंड्यांची परीक्षा टोमॅटोच्या रोपांवर करावी. त्या झाडाच्या मुळांत, सालीत आणि फळांच्या हिरव्या टरफलात जुग्लोन असतं, आणि टोमॅटो त्याला नाजूक मानला जातो. तिथेही मुळांची चोरी आणि सावली आधी तपासा. अक्रोडाच्या नावावर नुसत्या तहानेने मेलेली रोपंही बरीच खपवली जातात.

कारण सापडल्यावर

सावलीला छाटणी. रब्बी पेरणीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खालच्या आणि रानाकडे झुकलेल्या फांद्या काढा. सगळं झाड बोडकं करू नका. त्याने ते जास्त फुटवे काढतं आणि पुढच्या वर्षी सावली आणखी दाट होते. झाड तोडायचं ठरलं तर आधी तलाठी किंवा वनविभागाकडे चौकशी करा. महाराष्ट्रात झाडे तोड विनियमनाचा कायदा १९६४ पासून आहे आणि काही जाती स्वतःच्या मालकीच्या जमिनीतल्या असल्या तरी परवानगी लागते.

मुळांना चर, पण तो एकदाच काढून भागत नाही. मुळं वर्षा-दोन वर्षांत परत येतात, म्हणून उन्हाळी नांगरटीच्या वेळी त्याच रेषेत सबसॉयलरचा (जमीन खोलवर फोडणाऱ्या अवजाराचा) एक फाळ ओढून घ्यावा.

पाला सर्वांत सोपा. मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, तो ओढून बाहेर काढा. रानात नांगरून गाडू नका आणि जाळूही नका. शेणकाला घालून खड्ड्यात कुजवला की ही द्रव्यं पुष्कळशी मोडतात. नीट कुजलेलं खत मग कुठेही वापरता येतं. तयार झालं की नाही हे पुन्हा हळिवावरच तपासता येतं.

झाड शेजाऱ्याचं असेल तर खुंट्या, चर आणि कुंड्या त्याच्या समोर करा. "तुझं झाड माझं रान खातंय" असं म्हटलं की बोलणं खुंटतं. त्याच्या हातात पट्टी देऊन मुळं मोजायला लावली तर बोलणं छाटणीच्या तारखेवर येतं. नवी झाडं लावायची असतील तेव्हाही हेच: उत्तरेच्या बांधावर लावली तर तुमचं रान वाचतं, पण रब्बीची सगळी सावली पलीकडच्याच्या पिकावर जाते. त्याला विचारून, विरळ पर्णभाराचं, शेवग्यासारखं झाड निवडणं हाच न्यायाचा मार्ग आहे.

बांधावर झाडच नाही, तरी पट्टे पडतात?

मग दोन गोष्टी बघा. एक, गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज ते कुठे नाही हे सांगणं कठीण. त्यात पार्थेनिन हे वाढ रोखणारं द्रव्य असतं, जे कुजणाऱ्या पानांतून मातीत उतरतं. पण गाजर गवत अन्न-पाण्यासाठीही झगडतं, त्यामुळे त्याचा अपाय निव्वळ एकतर्फी नाही आणि त्याविरुद्ध दाट वाढणारं काहीतरी उभं करता येतं. टाकळा त्यासाठी चांगला. बांधावर पावसाआधी त्याचं बी टाका. गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

दुसरी गोष्ट ज्वारीची. खरिपाची ज्वारी काढून लगेच गहू पेरला की कधी कधी जिथे धसकटं दाट तिथे गहू पिवळा पडतो. ज्वारीच्या मुळांच्या केसांच्या टोकांतून सोर्गोलिओन नावाचं पिवळसर तेलकट द्रव्य पाझरतं. लहान रोपं ओलसर कागदावर अंधारात वाढवली तर भिंगाखाली त्याचे थेंब दिसतात. ज्वारी तोवर कापून नेलेली असते, तिला मागून येणाऱ्या गव्हाशी काही देणंघेणं नाही. पण धसकटं कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्रही अडकवून ठेवतात आणि लक्षण तेच दिसतं. हे वेगळं करायला पिवळ्या पट्ट्यातल्या दोन-तीन ओळींवर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारणी करा आणि शेजारच्या ओळी सोडा. आठ-दहा दिवसांत फवारलेल्या ओळी हिरव्या झाल्या तर नत्राची अडचण होती. उरलेल्या पट्ट्यालाही युरिया देऊन मोकळे व्हा. नाही झाल्या तर पुढच्या हंगामात धसकटं वेचून काढा, आणि कापणी व पेरणीमध्ये एक पाणी देऊन, कुळवाची पाळी मारून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. ज्वारीवर गव्हाऐवजी हरभरा घेणाऱ्यांना युरियाची परीक्षा करून फार समजणार नाही. त्यांनी धसकटांच्या आणि मोकळ्या जागेच्या मातीवर कुंड्यांचीच परीक्षा करावी.

काहीच हलवता येत नसेल तर

झाड तोडायचं नाही, शेजारी छाटू देत नाही, चर काढायला विहिरीची पाइपलाइन आडवी येते, असंही असतं. मग त्या पट्ट्यात धान्य पेरणं थांबवा. दरवर्षीचं बी, खत, मजुरी त्या ओळींवर जाते आणि हाती काही येत नाही. थोडी सावली सोसणारी पिकं आहेत: पाणी असेल तर हळद, आलं, जनावरं असतील तर गिनी गवत. पाणीही नसेल तर तो पट्टा वाटेला, बैलगाडीच्या रस्त्याला, कडब्याच्या गंजीला नाहीतर खताच्या खड्ड्याला द्या, आणि त्या ओळींचं खत मधल्या रानात टाका.